काच परत द्या

३ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा तीच काच! आणि तोच फोन — आधीच्या कुणाच्या तरी घामाने चिकट झालेला. रुमालाने पुसून कानाला लावला. काचेपलीकडे शिंपी. त्याच्या पाठीला चिकटून जमादार उभा. तोंडाला कुलूप, कान मात्र सताड उघडे! मी त्याला कुलूपच म्हणते.

विचारलं, "त्या गिऱ्हाइकाला तुमच्या दुकानात घेऊन कोण आलं होतं?"

शिंप्याने आधी कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "बाई, ताईला सांगा, पाय शेकत जा. थंडी आहे."

झालं! महिन्यातून एकदा भेट, ती अर्ध्या तासाची, आणि त्यात बहिणीचे पाय!

कज्जा गुंतागुंतीचा असता तर एवढी चिडले नसते. ह्याने दुहेरी तळाच्या पिशव्या शिवल्या. त्यांतून कुणीतरी स्फोटकं नेली, माणसं मेली. खालच्या कोर्टाने ठरवलं — तळ दुहेरी शिवणाऱ्याला आत काय जाणार ते ठाऊक असणारच. जन्मठेप, तीही अतिसुरक्षा विभागात. म्हणजे उद्या सुरी विकणाऱ्यालाही धरा! ह्याचं म्हणणं एवढंच, की गिऱ्हाईक ओळखीच्या माणसाने आणलं आणि फिरत्या विक्रेत्यांना नमुने ठेवायला पिशव्या हव्यात म्हणून सांगितलं. तो ओळखीचा माणूस कोर्टात उभा राहिला तर अपिलात जीव आहे. नाही तर हा आतच म्हातारा होणार. आणि त्या माणसाचं नाव हा जमादाराच्या कानादेखत घेणार नाही.

निघताना विचारतो, "आज वार कुठला?" दिवा रात्रंदिवस चालू, खिडकीला रंग फासलेला. दिवसातला एक तास अंगणात, एकट्याने. बाकी वेळ कोठडी. वार कळणार कसा?

मंगळवार म्हटलं. खूश झाला. मंगळवार कळल्यावर खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

५ फेब्रुवारी

दाढ ठणकते आहे. वहिनी म्हणते, "वन्सं, तुमची दाढ तुमच्या जिभेच्या शेजारी राहते. बिचारी किती दिवस सोसणार!" भाऊ गेल्यापासून ह्या घरात आम्ही दोघीच. भांडायला तिसरं माणूस नाही, म्हणून एकमेकींना जपून वापरतो.

९ फेब्रुवारी

शिंप्याची थोरली बहीण ऑफिसात आली. इस्पितळाच्या धोबीघरात चादरी धुते, दिवसभर ओल्यात उभी. पाय शेकायचा निरोप दिला तर पदर — नाही, ओढणीचं टोक — तोंडाला लावून हसली. "आमचा धाकटा असाच. स्वतः विस्तवात उभा, आणि म्हणणार, ताई तुला ऊन लागेल."

तिच्या खोलीचा मालक कापडवाला आहे. खाली त्याचं दुकान, वर हिची खोली. फार भला माणूस म्हणे. भावाला शिक्षा झाली, गल्लीने तोंड फिरवलं, पण ह्याने खोली खाली कर म्हणून एकदाही म्हटलं नाही. म्हटलं, आहेत अजून अशी माणसं. मला सहसा भेटत नाहीत.

१६ फेब्रुवारी

अर्ज लिहून काढला. काच काढा. पाठीवरचा जमादार काढा. वकील आणि अशील बोलताना दिसू देत, ऐकू येता कामा नये. वकील मागेल तेव्हा भेट. एवढं साधं मागायला पंधरा पानं खर्ची पडली! पण लिहिलंय मात्र झकास. वाचून वहिनीलाही दाखवलं. "छान आहे. कुणाला झोडपलंय?" म्हणाली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

जिंकले!!

अधीक्षकांनी कागदांचा ढीग आणला होता. प्रत्येक पानावर सुरक्षा, सुरक्षा. न्यायाधीश कंटाळलेले. जेवणाच्या सुट्टीत सरकारी वकील जवळ आला. त्याला मी गोडबोल्या म्हणते. तो कुणाला फासावर पाठवतानाही आधी तब्येत विचारेल. म्हणाला, "मॅडम, काच काढायला आमची काही हरकत नाही. फक्त एक ओळ घालू या — 'अधीक्षकांना योग्य वाटतील त्या सुरक्षा उपायांच्या अधीन राहून.' नेहमीचीच ओळ. नाही तर तारीख पुढे जाईल."

मी म्हटलं, घाला. ओळीने काय बिघडतं! त्यांना नाक वर ठेवायला काहीतरी हवंच असतं. मीच पेन काढून मसुद्यात ती ओळ लिहून दिली, त्याच्या भाषेपेक्षा माझी भाषा बरी म्हणून.

हुकूम हातात. काच नाही. जमादार दाराबाहेर. आठवड्यातून दोनदा भेट! कोर्टाच्या जिन्यात दोन वकिलांनी हात मिळवला. ह्या विभागात असा हुकूम आजवर कुणाला मिळाला नाही म्हणे. घरी येऊन वहिनीला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा ती म्हणाली, "कळलं हो, आता मला झेंडा देता का हातात?"

२७ फेब्रुवारी

पहिली मोकळी भेट. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या. दाराला छोटी काच, तिच्यातून कुलपाचा एक डोळा. भेटीची वेळ दुपारची दिली आहे.

शिंप्याला आणायला किती उशीर! मी बोटं मोडत बसले. आला तो शर्टाच्या गुंड्या चुकवून. एक बाजू वर, एक खाली. मी म्हटलं, "शिंपी असून गुंड्या चुकल्या? गिऱ्हाईक पळून जाईल!" हसला. "घाईत," म्हणाला. बसला आणि हात टेबलाखाली घेतले. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी समोर काच नाही म्हणून बावरला आहे.

"नाव सांगेन. पुढच्या वेळी." एवढंच. पण म्हणाला तर!

परत येताना गाडीत मी गुणगुणत होते. मी!

३ मार्च

आज फाटकावर माझी झडती. कानातलं काढा, घड्याळ काढा, पेन नको, आमचं पेन घ्या. एका बाईने कंबरेवरून हात फिरवला, कोटाचे खिसे उलटे केले. मला, वकिलाला! तिथेच आवाज चढवला. अधीक्षकांना पत्र पाठवणार आहे. प्रतिष्ठा नावाची काही चीज असते की नाही!

शिंप्याने आज वार विचारला नाही.

६ मार्च

नाव मिळालं.

बहिणीचा घरमालक! तो भला कापडवाला. त्यानेच गिऱ्हाईक आणलं, त्यानेच नमुन्यांच्या पिशव्या म्हणून सांगितलं, कापडही त्याच्याच दुकानातलं. आणि अटक झाल्यावर हाच माणूस पोलिसांना म्हणाला, मला काही ठाऊक नाही.

मी उडालेच खुर्चीतून. शिंपी मात्र घाबरा. "नाव कोर्टात नेऊ नका, बाई. मी सांगेपर्यंत नको. ताई त्याच्या डोक्यावर — म्हणजे त्याच्या छपराखाली राहते. कुठे जाईल?" मी शब्द दिला. द्यायला नको होता, पण दिला. आता गोड बोलून, रोज थोडं थोडं करून ह्याला राजी करायचं. त्यासाठीच तर दोनदा भेट मिळवली आहे.

१० मार्च

गेले. आला, बसला, भिंतीकडे बघत राहिला. डोळे लाल. गालफडं वर आलेली. अपिलाची तारीख जवळ येते आहे म्हटलं, तर "हं." तुमच्या बहिणीला दुसरी खोली बघू म्हटलं, तर "हं." शेवटी माझाही तोल गेला. "मी एवढ्या लांबून येते ती तुमचं हं ऐकायला?"

"तुम्ही नका येत जाऊ एवढं," म्हणाला. हळूच म्हणाला, मला त्रास होऊ नये अशा आवाजात.

मी म्हटलं, "माझी काळजी करू नका. मी येणारच." फार उदारपणे म्हटलं!

१३ मार्च

फाटकावरून परत. "कैदी भेटीला राजी नाही."

१७ मार्च

राजी नाही.

२० मार्च

राजी नाही! तिसऱ्यांदा! ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. मला कळतंय काय झालंय ते. नाव सांगून बसला आणि आता पस्तावला. माझं तोंड बघायला नको म्हणून कोठडीत लपून बसलाय. ह्या माणसासाठी मी इतर सगळी कामं बाजूला सारली. दोन अशील सोडून गेले. आणि हा महाराजासारखा आतून निरोप धाडतो, राजी नाही!

संध्याकाळी त्याची बहीण आली, विचारायला. मी नको ते बोलले. "तुमच्या भावाला आत राहायचीच हौस असेल तर मी काय करू?" ती रडली नाही. हात तसेच मांडीवर. पाण्याने पांढरे पडलेले, सुरकुतलेले. म्हणाली, "तो रुसणारा नाही हो, बाई. त्याचं काहीतरी दुखत असेल."

मी फाइल मिटली.

२४ मार्च, मंगळवार

लिहवत नाही. पण लिहिते.

आज फाटकावर हट्टच धरला. त्याला स्वतः समोर येऊन नाही म्हणू दे, तरच जाईन. आवाज चढवला, अधीक्षकांना बोलवा म्हटलं. साहेब बाहेरगावी. शेवटी कुलूप आला. मला बाजूला घेतलं, भिंतीपाशी. इतक्या महिन्यांत ह्या माणसाचा आवाज मी ऐकला नव्हता.

"बाई, त्याला का छळताय?"

"मी? मी छळतेय?"

"तुमची मुलाकात लागली की आधी त्याला नागडा करायचा. वाकवायचा, खोकायला लावायचा, सगळं बघायचं. मुलाकात संपली की परत तेच. तोवर दुसरे दोघं त्याची कोठडी उपसतात. गादी उसवायची, कपडे, पुस्तकं फेकायची. ते सगळं त्याने परत लावायचं. आणि वेळ तुमची दुपारची. तोच त्याचा अंगणातला तास. तो गेला. आठवड्यात दोनदा."

मी म्हटलं, काच होती तेव्हाही झडती होतीच की.

"तेव्हा वरवर हात फिरवला की झालं. मधे काच होती ना! आता तुम्ही त्याला काय द्याल, तो तुम्हाला काय देईल, कोण सांगणार? साहेबांनी हुकूमच लावलाय भिंतीवर. कोर्टाचा. योग्य वाटतील ते उपाय."

माझी ओळ. माझ्या अक्षरातली, माझ्या बऱ्या भाषेतली.

"मला सांगितलं का नाही त्याने?"

"बाईमाणसाला काय सांगणार, बाई?" मग म्हणाला, "आम्हालाही हौस नाही. मला पण घरी जाऊन जेवायचं असतं." आणि गेला.

गुंड्या! मी त्याला गुंड्यांवरून हसले. घाई नव्हतीच. हात थरथरत असणार. म्हणून ते टेबलाखाली.

आणि माझ्या कोटाचे खिसे उलटे केले म्हणून मी अधीक्षकांना दोन पानी पत्र धाडलंय. प्रतिष्ठा!

२५ मार्च

दाढ काढून घेतली. डॉक्टर म्हणाला, थोडं दुखेल. म्हटलं, दुखू दे.

२६ मार्च

वहिनीला सगळं सांगितलं. तिने भाजी निवडायचं थांबवलं नाही. बरंच झालं, नाही तर मला सांगता आलं नसतं. ऐकून म्हणाली, "वन्सं, काच काढू का, असं तुम्ही त्याला विचारलं होतंत का?"

"त्यात विचारायचं काय? कुणाला काच हवी असते?"

"तेच म्हणते," म्हणाली.

रागाने उठून आत गेले. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालंय त्याचं. आणि ते कुत्रं म्हणजे मी. अंगावर काळा कोट घालून, आठवड्यातून दोनदा.

३० मार्च

कोर्ट. आयुष्यात माझं इतकं हसं झालं नव्हतं.

दोन मागण्या केल्या. झडती बंद करा. ती बंद होईपर्यंत काच परत लावा. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मॅडम, गेल्याच महिन्यात तुम्ही काच काढून घेतलीत ना?"

"होय."

"आता लावून हवी?"

"होय. काच परत द्या."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. गोडबोल्या उठला, "महाराज, काच आम्ही जपून ठेवली आहे," आणि अख्खं कोर्ट हसलं. मीही हसले असते, त्या जागी दुसरं कुणी असतं तर. झडती कशी होते ते सांगायला लागले. वाकवतात म्हटलं, तेव्हा हसणं थांबलं. पण न्यायाधीश कागद चाळायला लागले. बघायला नको असलं की कागद फार कामाला येतात. झडतीचा प्रश्न मोठा आहे, सुट्टीनंतर पाहू. काचेला कुणाची हरकत नाही. कशी असेल!

हात मिळवणारे ते दोघे वकील जिन्यात भेटले. आज त्यांना घाई होती.

३ एप्रिल

काच परत आली. तोच चिकट फोन.

शिंप्याला निरोप धाडला होता, मधे काच आहे, दुपारची नको म्हणून सकाळची वेळ मागून घेतली आहे. तरी वाटलं येणार नाही. आला. लगेच आला. गुंड्या नीट.

बोलायचं पाठ करून गेले होते, सगळं विसरले. फोनमधे नुसतं म्हटलं, "मला माहीत नव्हतं हो." तो म्हणाला, "ते जाऊ द्या, बाई." मी म्हटलं, कसं जाऊ देऊ? मला रडू आलं. काचेवर नाक लावून एक म्हातारी वकील रडते आहे आणि जन्मठेपेचा कैदी तिला फोनवरून म्हणतोय, पाणी प्या!

मग त्यानेच विषय काढला. कुलूप त्याच्या पाठीशी होता, होता तसाच.

"वापरा ते नाव."

"अहो, जमादार ऐकतायत."

"ऐकू देत. कपड्यानिशी बसलोय. काय विचारायचं ते विचारा."

आणि मोठ्याने घेतलं घरमालकाचं नाव. दोनदा. कुलूप छताकडे बघत होता.

जाताना वार विचारला. शुक्रवार.

६ एप्रिल

त्याच्या बहिणीला सांगितलं, घरमालकाचं. आधी माफी मागितली त्या दिवसाच्या बोलण्याची. ती तिने ऐकलीच नसावी. मग म्हणाली, "म्हणून खोली खाली कर म्हणाला नाही. आणि मी येता जाता त्याला नमस्कार करत होते!"

म्हटलं, नाव कोर्टात गेलं की तो तुम्हाला एक दिवस ठेवायचा नाही.

"चार भिंती त्या. घ्या त्याचं नाव."

घरी आले तर वहिनी, न विचारता — "मागची खोली रिकामी आहे. तिथे तुमच्या जुन्या फायली राहतात, त्यांच्यापेक्षा माणूस बरं. आणा तिला." फायली मी आजच गच्चीवर टाकल्या.

१९ एप्रिल

शिंप्याची बहीण राहायला आली. एक पेटी, एक गादी, भावाची मोठी कात्री. पहिल्याच दिवशी तिने आणि वहिनीने संगनमत करून माझा चहा कमी केला. आता घरात माझ्याविरुद्ध बहुमत आहे.

१२ मे, मंगळवार

अपील. नवा साक्षीदार घ्यायला गोडबोल्याने फार हरकत घेतली, गोड शब्दांत. तरी घेतला. घरमालक पिंजऱ्यात आला तोच घाम पुसत. सुरुवातीला, मला काही आठवत नाही. मी घाई केली नाही. कापडापासून सुरुवात केली. तुमच्याच दुकानातलं ना? किती ताकद लागते त्याला शिवायला? ते गिऱ्हाईक आधी कापड घ्यायला तुमच्याकडेच आलं ना? मग शिंप्याचं दुकान त्याला कुणी दाखवलं? अडकला. "मी नुसतं नेऊन सोडलं, साहेब! नमुन्यांच्या पिशव्या म्हणून मलाही तसंच सांगितलं होतं! हे मी तेव्हा पोलिसांनाही सांगितलं होतं, ते म्हणाले, तू ह्यात पडू नकोस!"

गोडबोल्यालाही गोड काही सुचलं नाही.

आनंद व्हायला हवा होता. झाला. पण हा घाबरट माणूस आपल्या दुकानाच्या गल्ल्यावर बसून राहिला, आणि शिंपी दिव्याखाली वार विसरला. दोन शब्द बोलायचे होते ह्याने. एवढ्यासाठी!

५ जून, शुक्रवार

निर्दोष!

निकाल वाचायला फार वेळ लागला नाही. शिंप्याला कोर्टात आणलं नव्हतं. सुरक्षा! न्यायाधीशांनी पोलिसांवर चार वाक्यं ओढली आहेत, वाचायला बरी आहेत. झडतीचा अर्ज निकाली काढला — आता तो प्रश्न उरला नाही म्हणे. बाकीच्या कोठड्यांतल्यांसाठी कुणी तरी नवा करावा. मीच करणार.

बहिणीला धोबीघरात जाऊन सांगितलं. यंत्रांचा एवढा गोंगाट, की मला तीनदा ओरडावं लागलं. "सुटला! सुटला! सुटला!" तिने ओली चादर दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि तशीच उभी राहिली. मग आख्खं धोबीघर तिच्याभोवती.

६ जून, शनिवार

फाटकातून बाहेर आला. अंगावर पकडलं तेव्हाचा शर्ट, दोन माणसं मावतील इतका ढगळ. मी कोट घालून गेले नव्हते, शनिवार होता. बहिणीला मिठी मारली तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. मला असलं बघवत नाही.

कुलूप फाटकाशी होता. शिंपी त्याला म्हणाला, "येतो, जमादार." कुलूप म्हणाला, "येऊ नका." बहुधा विनोद असावा.

वहिनीने मागच्या खोलीत दुसरी गादी घातली आहे. रात्री दिवा घालवू का, असं तिने त्याला विचारलं. तो म्हणाला, "घालवता येतो?"

७ जून, रविवार

फार छान दिवस गेला. लिहायला भीती वाटते, पण गेला खरा. वहिनीचं जुनं शिलाई यंत्र माळ्यावरून काढलं. त्याने तेल दिलं, पट्टा बसवला, आणि दुपारभर घर खडखडत होतं. स्वतःचाच शर्ट उसवून मापात आणला. बहिणीला ओरडला, पाय शेकत नाहीस म्हणून. जेवताना मला म्हणाला, "बाई, तुमच्या घरचा गाऊन फार वाईट शिवलाय, टाका तो." वहिनी ठसका लागेपर्यंत हसली. मला वाटलं, चला, एक तरी माणूस आपल्या हातून बाहेर आला.

उद्यापासून माझं कोर्ट पुन्हा.

८ जून, सोमवार

कोर्टातून लवकर आले. काळा कोट अंगात, फाइल बगलेत. पुढच्या खोलीत शिंपी यंत्रावर बसून वहिनीच्या उशीचा अभ्रा शिवत होता. मला दारात पाहिलं. यंत्र थांबवलं. उठला, भिंतीकडे तोंड केलं आणि शर्ट काढून ठेवला. "अहो, घर आहे हे!" मी ओरडले. "हो, बाई," म्हणाला, आणि पायजम्याच्या नाडीला हात घातला.